फक्त उपस्थिती

महापालिकेतल्या ३१ वर्षांच्या नोकरीपैकी शेवटची १४ वर्षे मी महापौर कार्यालयात काढली. हुद्दा स्वीय सहायकाचा, लोकांच्या तोंडी पीए. या काळात समोरच्या दालनात सात महापौर येऊन गेले. महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची असते आणि १४ वर्षांत सात महापौर हे गणित त्यात बसत नाही, हे ज्यांच्या लक्षात आले असेल त्यांना आमच्या शहराचे राजकारण निम्मे कळलेच. उरलेले निम्मे असे, की पक्षाला ज्यांना खूश ठेवायचे असते अशी माणसे खुर्च्यांपेक्षा नेहमीच जास्त भरतात. म्हणून अडीच वर्षांचे दोन तुकडे करून सव्वा-सव्वा वर्षाचा शब्द दिला जातो आणि सव्वा वर्ष भरत आले की पहिल्याला खुर्ची सोडवत नाही. राजीनाम्याची आठवण करून देणारे फोन आधी माझ्याकडे येत, कारण साहेब ते उचलत नसत.

महापौर बदलले, पण वहीची आखणी बदलली नाही. भांडार विभागाकडून दरवर्षी मिळणाऱ्या कापडी बांधणीच्या लांबट रजिस्टरमध्ये मी लाल शाईने पाच रकाने पाडत असे: अनुक्रमांक, वेळ, ठिकाण, निमंत्रक आणि शेरा. पुढे मोबाइलमध्ये कॅलेंडर आले तरी वही सुटली नाही, कारण आमंत्रण घेऊन आलेल्या माणसाला आपले नाव डोळ्यांदेखत कागदावर चढलेले पाहायचे असते. मोबाइलमध्ये टिपून घेतले, असे सांगितले की त्याचा चेहरा पडतो. शेऱ्याच्या रकान्यात माझी स्वतःची लिपी होती. ‘हा.’ म्हणजे नुसता हार घालायचा, ‘भा. ५’ म्हणजे पाच मिनिटे बोलायचे, ‘उप.’ म्हणजे फक्त उपस्थिती. चौथी खूण ‘बो. ना.’ अशी होती, तिच्याकडे नंतर येतो.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारचे पान मला अजून जवळजवळ पाठ आहे. पावणेसातला नदीकाठच्या उद्यानात ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन. साडेआठला महापालिकेच्या शाळेचे स्नेहसंमेलन. साडेनऊपासून घरी भेटायला आलेले लोक: कोणाला रहिवासी दाखला अडलेला, कोणाच्या मुलीची बदली, कोणाच्या हातात खासगी रुग्णालयाचे बिल. अकराला दालनात प्रतिमापूजन. सव्वाअकराला आरोग्य विभागाची आढावा बैठक, तीतून पाऊण तासाने उठून बाराला राज्याच्या एका मंत्र्यांच्या स्वागतासाठी हेलिपॅडवर. दीड वाजता जेवण असे मी लिहीत असे, पण ती नोंद सहसा खरी होत नसे. तीनला सफाई कामगार संघटनेचे शिष्टमंडळ, चारला गटनेत्यांची बैठक, पाचला एका प्रभागात काँक्रीट रस्त्याचे भूमिपूजन, सहाला दुसऱ्या प्रभागात तसलेच आणखी एक, आणि सातनंतर लग्ने. एकूण १७ नोंदी होत्या. रात्री साडेदहाला गाडी घराशी लागली तेव्हा त्या १७ ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी महापौरांच्या सहीने कोणते काम सुरू झाले नव्हते की थांबले नव्हते.

‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी घडवला, हे शाळेत अनेकांनी वाचलेले असते. पौर म्हणजे नगरात राहणारा, नागरिक. तेव्हा महापौर म्हणजे मोठा नागरिक, मोठा अधिकारी नव्हे. शब्द घडवताना हे मनात होते की नाही कोण जाणे, पण तो आपल्या कायद्याला चपखल बसला आहे. मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने कारभाराची सूत्रे आयुक्ताच्या हाती दिली आणि लोकनियुक्त मंडळाला ठराव करण्याचे, खर्चावर नजर ठेवण्याचे काम दिले. त्या मंडळाच्या प्रमुखाला १९३१ मध्ये अध्यक्षाऐवजी महापौर म्हणू लागले, पण पाटी बदलली म्हणून अधिकार बदलले नाहीत. पुण्यापासून आमच्यापर्यंत बाकीच्या महापालिका ज्या १९४९ च्या कायद्याने चालतात, त्यातही तीच चौकट आहे. मधे १९९८ साली मुंबईत आणि नागपुरात महापौर परिषद नेमून महापौरांच्या हाती खरोखर कारभार देण्याचा प्रयोग झाला, तो मुंबईत वर्षभरातच गुंडाळला गेला. आज सगळीकडेच महापौराला सभा चालवता येते, मते समसमान पडली तर निर्णायक मत देता येते, पत्र लिहिता येते. टेंडर आयुक्त काढतात, पैशाला मंजुरी स्थायी समिती देते.

आमचे शहर नगरपालिकेतून महापालिका झाले तेव्हाचे एक जुने हेडक्लार्क होते. ते म्हणत, “नगराध्यक्षांची गाडी लहान होती आणि सही मोठी. महापौर झाले, गाडी मोठी झाली, सही लहान.” हे नुसते टोमण्याचे वाक्य नाही. नगराध्यक्ष हा स्थायी समितीचा पदसिद्ध सभापती असतो. महापालिका झाली की स्थायी समितीला वेगळा सभापती मिळतो आणि महापौरांच्या वाट्याला मान उरतो. गावाला मात्र वाटते की आपला माणूस वर चढला. गाडीवरचा लाल दिवा होता तोवर निदान तो समज टिकवायला सोपा होता. १ मे २०१७ पासून देशभर सगळ्यांचेच दिवे उतरले, तेव्हा आमच्या ड्रायव्हरने तो दिवा कापडात गुंडाळून कपाटात ठेवला, जणू कोणीतरी पुढे मागायला येणार होते.

कायद्याने महापौराला दिलेले सर्वांत खरे काम म्हणजे सर्वसाधारण सभा. दर महिन्याला २० तारखेच्या आत ती घ्यावी लागते, आठवडाभर आधी विषयपत्रिका नगरसेवकांच्या घरी पोचवावी लागते, आणि त्या दिवशी वहीत दुसरे काही लिहायचे नसते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की महापौर वर बसून गोंधळ पाहतात. प्रत्यक्षात ते काम नाटकाच्या दिग्दर्शकाचे आहे, फक्त इथे नटांना संहिता मान्य नसते. कोणाला आधी बोलू द्यायचे, कोणाचा हरकतीचा मुद्दा ऐकून न ऐकल्यासारखा करायचा, विरोधक समोरच्या मोकळ्या जागेत उतरले की किती वेळ उभे राहू द्यायचे, आणि राजदंडाकडे हात गेला की सभा दहा मिनिटांसाठी नेमकी कधी तहकूब करायची, हे कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नाही. आमचा शिपाई सभा सुरू होण्याआधी राजदंडाच्या पितळी बैठकीचे स्क्रू आवळून ठेवत असे. दोनदा तो तरीही पळवला गेला आणि दोन्ही वेळा उपाहारगृहाच्या मागे सापडला.

आणि ऐनवेळचे विषय. महापालिकेच्या वाऱ्याला उभ्या राहिलेल्या कोणालाही हे दोन शब्द ऐकवा, तो हसेल. विषयपत्रिकेवर नसलेला विषय, सभा संपता संपता, ‘मंजूर, मंजूर’ च्या आवाजात वाचल्यासारखा करायचा आणि इतिवृत्तात तो सविस्तर चर्चेनंतर मंजूर झालेला दिसायचा. इतिवृत्तावर सही महापौरांची. मी म्हटले की त्यांची सही लहान असते, पण याच एका जागी ती मोठी होते, आणि म्हणूनच त्या कागदाभोवती सभेनंतरचे तीन-चार दिवस जेवढी वर्दळ असे, तेवढी कोणत्याही उद्घाटनाला नसे. असला ठराव पटला नाही तर आयुक्त तो कलम ४५१ खाली शासनाकडे पाठवत, शासन आधी तो निलंबित करी, मग विखंडित, म्हणजे कायमचा रद्द करी. ‘विखंडित’ हा शब्द मी महापालिकेबाहेर कुठे फारसा ऐकलेला नाही. आमच्या एका महापौरांच्या ११ ठरावांचे विखंडन झाले; निरोप समारंभात त्यांनी स्वतःच तो आकडा सांगितला, थोड्या अभिमानाने.

पण सभा महिन्यातून एक-दोनदा. उरलेले दिवस हार, भूमिपूजन आणि लग्ने यांचे. शासन दरवर्षी जयंत्या-पुण्यतिथ्यांची यादी परिपत्रकाने पाठवते, तीप्रमाणे दालनात प्रतिमा मांडायच्या. १ ऑगस्टला टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती. टिळक गेले आणि अण्णा भाऊ जन्मले तो दिवस १९२० सालचा एकच. टेबलावर दोन प्रतिमा शेजारी शेजारी ठेवल्या की दोन वेगवेगळ्या वस्त्यांमधून आलेली माणसे एकाच दालनात एकमेकांना जागा करून देत उभी राहत, आणि हार कोणत्या प्रतिमेला आधी घातला हे दोन्ही बाजूंचे लोक पाहून ठेवत. मी एका वर्षी दोन्ही हार एकाच तबकात ठेवले आणि महापौरांना दोन्ही हातांत एकेक उचलायला सांगितले. मोठ्या शहरांत या मानाच्या कामांना परंपरेचे वजन असते. पुण्याच्या महापौर कार्यालयातला माझ्यासारखाच एक जण सांगत असे, की त्यांच्या वहीत वर्षातल्या दोन नोंदी कधीही खोडल्या जात नाहीत: आषाढीच्या आधी शहराच्या वेशीवर पालख्यांचे स्वागत, आणि अनंत चतुर्दशीला सकाळी मंडईत टिळक पुतळ्याजवळ कसबा गणपतीची पूजा, जिच्यानंतर विसर्जनाची मिरवणूक हलते.

लग्नांबद्दल तर स्वतंत्र लिहावे लागेल. दाट तिथीच्या दिवशी एका संध्याकाळी नऊ-नऊ कार्यालये करायची असत. मुहूर्ताच्या अक्षता एकाच ठिकाणी टाकता येतात, म्हणून ते एक लग्न कोणाचे निवडायचे यावर आदल्या रात्री खल होई. इतर ठिकाणी व्यासपीठावर जाऊन फोटो, शाल, श्रीफळ आणि ‘जेवून जा’ला हात जोडणे. शाली कार्यालयातल्या लोखंडी कपाटात साठत आणि थंडीत बेघर निवारा केंद्रात जात. नारळांचे तसे नव्हते. त्या वर्षांत आमच्या दोन शिपायांच्या आणि ड्रायव्हरच्या घरी नारळ विकत आणलेला नाही, आणि दिवाळीत त्यांच्याकडून येणाऱ्या खोबऱ्याच्या वड्यांना आम्ही ‘महापौर निधी’ म्हणत असू. खरा महापौर निधी वेगळा. त्यातून गरीब रुग्णांना मदत दिली जाते, आणि त्या अर्जांच्या फाइलची चेष्टा आमच्याकडे कोणी केली नाही.

खरे सांगायचे तर पहिली पाच-सहा वर्षे मला ही सगळी वही म्हणजे वाया गेलेल्या वेळेची मोजदाद वाटत असे. मेमधल्या नालेसफाईच्या पाहणीने ते मत आणखी घट्ट केले होते. महापौर नाल्याच्या कडेला उभे, बाजूला अभियंते, समोर छायाचित्रकार, आणि खाली पोकलेन गाळ उपसतो आहे. एकदा मी छत्री विसरलो म्हणून अर्ध्या तासाने परत गेलो, तर पोकलेन ट्रेलरवर चढवून पुढच्या ‘पाहणी’च्या ठिकाणी निघाला होता.

ते मत बदलले नाही, पण त्यात एक छेद गेला तो एका मार्चमध्ये. तेव्हाच्या महापौर ताई सोडतीत आलेल्या. महापौरपदाच्या आरक्षणाची चिठ्ठी मंत्रालयात निघते. आमच्या शहराची चिठ्ठी इतर मागासवर्ग, महिला अशी निघाली, आणि पूर्वी बालवाडीत शिकवणाऱ्या ताई महापौर झाल्या. २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आल्या, पण त्यांच्या शेजारची खुर्ची कायद्याने कोणालाच दिलेली नाही आणि ती कधी रिकामीही राहत नाही. भाऊ, म्हणजे ताईंचे यजमान, रोज तिथे बसत. फोन ते घेत, उत्तरे ते देत, ताई मान हलवत. मी वहीतल्या वेळा दोघांना सांगत असे, आणि नजर कोणाकडे ठेवायची हे मला शेवटपर्यंत जमले नाही.

मुख्य जलवाहिनी फुटून पाचवा दिवस होता. त्या सकाळी पूर्वेकडच्या वस्तीतल्या शे-दीडशे बायका हंडे घेऊन थेट मुख्यालयात आल्या. आयुक्त मुंबईला बैठकीला गेले होते, त्यांच्या मजल्याचे जाळीचे दार सुरक्षारक्षकांनी ओढून घेतले. मग मोर्चा आमच्याकडे वळला. भाऊ म्हणाले, “ताई नाहीत म्हणून सांगा.” मी उठलो तोवर ताई आपल्या आपण दाराबाहेर गेल्या होत्या. पहिला माठ त्यांच्या पायाशी फुटला. एक खापरी उडून त्यांच्या साडीच्या निऱ्यांत अडकली, ती त्यांनी वाकून काढली आणि तिथेच, व्हरांड्याच्या फरशीवर, बायकांसमोर बसल्या. घोषणा देणाऱ्या बायकांना काय करावे सुचेना. खाली बसलेल्या माणसाकडे पाहून घोषणा देता येत नाही. एकेक करून त्याही बसल्या.

ताईंनी मला फोन लावायला सांगितला. मी जलअभियंत्यांना लावला. “स्पीकरवर टाका,” त्या म्हणाल्या. अभियंत्यांना वाटले रोजच्यासारखेच बोलायचे आहे. “मॅडम, काम युद्धपातळीवर चालू आहे.”

“वेल्डिंग झालं का?”

“मॅडम, ते... प्लेट यायचीये.”

“कुठून?”

थोडी शांतता. “कोल्हापूरहून. काल निघायला पाहिजे होती.”

“निघाली का?”

“नाही, मॅडम.”

युद्धपातळी म्हणजे काय ते शे-दीडशे बायकांनी एकदम ऐकले. ताईंना त्या अभियंत्याची बदली करण्याचा अधिकार नव्हता, प्लेट विकत घेण्याचा नव्हता, टँकरची संख्या वाढवण्याचाही नव्हता. त्यांच्याकडे होता तो एवढाच, की त्यांचा फोन अभियंत्याला उचलावा लागतो आणि तो चारचौघांत लावता येतो. प्लेट त्याच रात्री आली. ती त्या फोनमुळे आली की येणारच होती, यावर आमच्या कार्यालयात आजही दोन मते आहेत. जाताना एका म्हातारीने विचारले, “तुमच्या घरी येतंय का पाणी?” ताई म्हणाल्या, “नाही हो आजी, टँकर येतो.” आजी म्हणाल्या, “मग तो टँकर आमच्या गल्लीतनं न्या.” दुसऱ्या दिवसापासून तो तसाच गेला. भाऊंची खुर्ची पुढे काही महिन्यांनी आतल्या खोलीत हलली. कोणी हलवली ते मी विचारले नाही.

एप्रिल २०२० मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. त्या मूळच्या परिचारिका. आमच्या कार्यालयात लगेच दोन तट पडले: एक म्हणाला हा फोटोसाठीचा देखावा, दुसरा म्हणाला घरात बसलेल्या आपल्यापेक्षा बरे. मी दोन्ही तटांत होतो. अधिकार नसलेल्या माणसाला शरीराने तिथे जाणे एवढेच करता येते, आणि तिथे गेलेला माणूस फोटोत येतोच. नाल्याच्या कडेची पाहणी आणि व्हरांड्यातली फरशी यांच्यातला फरक वहीत दिसत नाही. दोन्हींपुढे शेरा ‘उप.’ असाच पडला असता. फरशीची तर नोंदच नव्हती, त्या दिवशी साडेदहा वाजता वहीत ‘वाचनालय उद्घाटन, भा. ५’ असे लिहिलेले होते.

मग २०२० ते २०२३ च्या दरम्यान राज्यातल्या महापालिकांच्या मुदती एकेक करून संपल्या. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात, प्रभागरचना एकदा अशी आणि एकदा तशी, आणि निवडणुका लांबत गेल्या. सगळीकडे आयुक्तच प्रशासक झाले. इचलकरंजी आणि जालना तर याच काळात महापालिका झाल्या, म्हणजे त्या शहरांनी महापौर पाहिलाच नव्हता. सभा प्रशासकांची, स्थायी समिती प्रशासकांची; प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस, त्यामुळे ऐनवेळचा विषय कोणी ओरडून वाचायची गरज उरली नाही. कामे थांबली असे मी म्हणणार नाही. काही रस्ते उलट लवकर झाले. माझी बदली झाली नाही, मी बंद दालनाबाहेर बसून राहिलो. लोक येत. लग्नपत्रिका घेऊन येत, ‘मा. महापौर’ असे छापलेले पाकीट माझ्या टेबलावर ठेवत आणि मी काही बोलण्याआधीच निघून जात. रुग्णालयाची बिले येत. एक गृहस्थ दर सोमवारी गल्लीतल्या उघड्या चेंबरची तक्रार सांगायला येत. त्यांना मी सांगितले की आता ॲपवर तक्रार नोंदवता येते, नंबरही मिळतो. ते म्हणाले, “नंबर आहे हो माझ्याकडे. ओरडायचं कोणावर?”

जानेवारी २०२६ मध्ये २९ महापालिकांच्या निवडणुका एकदम झाल्या तेव्हा मी निवृत्त होऊन घरी होतो. फेब्रुवारीत नव्या महापौरांच्या कार्यालयातून फोन आला. पीए म्हणून घेतलेला मुलगा तिशीच्या आतला, बोलायला अदबशीर. त्याला जुन्या वह्या कपाटात सापडल्या होत्या, लाल दिव्याच्या गाठोड्याखाली. “सर, बाकीच्या खुणा लागल्या. पण ‘बो. ना.’ काय आहे? काही आठवड्यांत तर तीन-तीनदा आहे.”

मी सांगितले, “बोलायचे नाही.”

त्या नोंदी सांत्वनभेटीच्या. भिंत पडून गेलेला मजूर, रस्त्यावर गेलेला कॉलेजचा मुलगा, डेंगीने गेलेली बाई. पहिल्या-पहिल्या महापौरांनी अशा घरांत जाऊन मदतीची, चौकशीची, कारवाईची आश्वासने दिली होती, जी देण्याचा त्यांना अधिकारच नव्हता. त्यातल्या एका घरातला माणूस पुढे दोन वर्षे तो शब्द घेऊन माझ्या टेबलासमोर येत राहिला. त्यानंतर मी ही खूण सुरू केली आणि गाडीत बसताना प्रत्येक महापौरांना ती दाखवत असे.

“मग तिथे जाऊन करायचं काय, सर?”

“चप्पल बाहेर काढायची, छायाचित्रकाराला गाडीतच ठेवायचं, आणि बसायचं. चहा आणला तर घ्यायचा. ती माणसं काही बोलली तर ऐकायचं आणि ते तू वहीत लिहून घ्यायचं, त्यांच्यासमोर.”

“किती वेळ धरू?”

मी म्हटले, अर्धा तास धर आणि पुढच्या नोंदीच्या आधी दहा मिनिटे मोकळी सोड. त्याने ते लिहून घेतलेले ऐकू आले. मग त्याने मे महिन्यातल्या तिथींचे विचारले. एका संध्याकाळी सात लग्ने आली होती आणि त्यातली दोन एकाच गटनेत्याच्या नात्यात होती.